एम्बेडेड प्रणालींतील अंतरमापक संवेदकांसाठी कर्नल मॉड्यूलची रचना : तत्त्वे आणि व्यवहार

सारांश

एम्बेडेड प्रणालीला जोडलेल्या अंतरमापक संवेदकाकडून मिळणारे मापन कितपत विश्वासार्ह असेल, हे केवळ संवेदकाच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते. कालमापन संगणक प्रणालीच्या कोणत्या स्तरावर होते, त्यातून अंतर कसे काढले जाते आणि मापन फसल्यास वापरकर्त्याला काय सांगितले जाते, यांवरही ते अवलंबून असते. प्रस्तुत लेखात एचसी-एसआर०४ हा श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा संवेदक आणि लिनक्सवर चालणारा रास्पबेरी पाय हा लघुसंगणक यांचे उदाहरण घेऊन कर्नल मॉड्यूलच्या रचनेचे विवेचन केले आहे. कर्नलमध्ये नेमके तेवढेच काम ठेवावे जे अन्यत्र अचूकपणे होऊ शकत नाही आणि संशयास्पद आकडा खात्रीचा म्हणून कधीही पुढे देऊ नये, ही दोन सूत्रे या विवेचनाच्या मुळाशी आहेत.

बीजशब्द : एम्बेडेड प्रणाली, लिनक्स, कर्नल मॉड्यूल, इंटरप्ट, श्राव्यातीत संवेदक, कालमापन.

१. प्रस्तावना

तीन मीटर खोलीची एक भूमिगत पाण्याची टाकी आहे, अशी कल्पना करू. टाकीच्या झाकणाखाली एक अंतरमापक संवेदक बसवला आहे. तो पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजतो आणि त्यावरून पंप चालू ठेवायचा की बंद करायचा, हे एक लहान संगणक ठरवतो. टाकी रिकामी झाली असताना संवेदकाने तीन मीटर हे अंतर सांगणे अपेक्षित आहे. त्याऐवजी संगणकाने ८५ सेंटीमीटर हा आकडा दाखवला, तर टाकीत दोन मीटरहून अधिक पाणी आहे असे समजून पंप कोरडाच चालत राहील आणि अखेरीस जळेल. अशी चूक संवेदक पूर्णपणे निर्दोष असतानाही घडू शकते. ती कशी घडते, हे लेखाच्या पाचव्या भागात पाहावयाचे आहे.

अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि भौतिकशास्त्र या विभागांतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांमध्ये अंतरमापक संवेदक मोठ्या प्रमाणावर आढळतो. बहुतेक प्रकल्पांत अंतर पडद्यावर उमटले की काम संपले असे मानले जाते. मात्र तो आकडा कोणत्या मार्गाने पडद्यापर्यंत आला, याचा विचार क्वचितच होतो. कर्नल मॉड्यूलची रचना हा विषय या मार्गाचाच अभ्यास आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नलचा आरंभ केला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रक्रियांना प्रक्रियकाचा वेळ वाटून देणे, स्मृतीचे व्यवस्थापन करणे आणि यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करणे ही त्याची कामे होत. संपूर्ण कर्नल पुन्हा न बांधता चालू प्रणालीत भर घालता यावी, यासाठी मॉड्यूलची सोय आहे. मॉड्यूल आवश्यकतेनुसार चढवता येते आणि काम संपल्यावर उतरवता येते. मात्र एकदा चढवले की ते कर्नलचाच भाग बनते. सामान्य प्रोग्राममध्ये चूक झाली तर तो एक प्रोग्राम बंद पडतो. मॉड्यूलमध्ये तशीच चूक झाली तर संपूर्ण प्रणाली कोलमडू शकते. म्हणूनच ‘हे काम कर्नलमध्ये का करावयाचे?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मॉड्यूल लिहिण्यापूर्वी मिळणे आवश्यक आहे.

२. संवेदकाचे कार्य

एचसी-एसआर०४ या संवेदकाला चार जोडण्या असतात : ५ व्होल्टचा विद्युतपुरवठा, भूजोडणी, ट्रिगर आणि एको. ट्रिगरवर किमान १० मायक्रोसेकंदांचा स्पंद दिला की संवेदक ४० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची आठ आवर्तने सोडतो. त्यानंतर एको ही जोडणी उच्च पातळीवर जाते आणि प्रतिध्वनी परत येताच निम्न पातळीवर येते. एको जितका वेळ उच्च राहतो, तितका वेळ ध्वनीला वस्तूपर्यंत जाऊन परत येण्यास लागला, असा त्याचा अर्थ होतो. या वेळेला ध्वनीच्या वेगाने गुणून दोनने भागले की अंतर मिळते. २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे एक सेंटीमीटर अंतरासाठी ध्वनीला जाण्यायेण्यास सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. संवेदकाची घोषित मर्यादा २ सेंटीमीटरपासून ४ मीटरपर्यंत आहे.

येथे एक विद्युतविषयक दक्षता सांगणे आवश्यक आहे. एकोचा संकेत ५ व्होल्टचा असतो, तर रास्पबेरी पायच्या जोडण्या ३.३ व्होल्टच्या असतात. म्हणून १ किलोओहम आणि २ किलोओहम या दोन रोधकांच्या साह्याने विभवविभाजन करून संकेत सुमारे ३.३ व्होल्टवर आणावा लागतो. हे न केल्यास मॉड्यूल कितीही काळजीपूर्वक लिहिले असले तरी जोडणीलाच इजा पोहोचू शकते.

या वर्णनातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. हा संवेदक अंतर सांगत नाही, तो केवळ एक कालावधी दाखवतो. तो कालावधी मोजण्याची जबाबदारी सर्वस्वी संगणकाची असते.

३. कालमापन कोठे करावे?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सामान्य प्रोग्राममधून एकोची पातळी पुन्हा पुन्हा वाचत राहणे आणि ती बदलली की घड्याळ पाहणे. प्रणालीवर अन्य काही काम नसेल तर या पद्धतीने बरेचसे ठीक उत्तर मिळते. प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक यशस्वी होते ते याच कारणाने. परंतु लिनक्स ही अनेक प्रक्रियांना आळीपाळीने वेळ देणारी प्रणाली आहे. शेड्यूलर कोणत्याही क्षणी आपल्या प्रोग्रामला बाजूला ठेवून दुसऱ्या प्रक्रियेला संधी देऊ शकतो. नेमक्या त्याच वेळी एकोची पातळी बदलली, तर तो बदल आपल्याला उशिरा कळतो.

या उशिराची किंमत काढता येते. एक मिलिसेकंदात ध्वनी सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. ये-जा धरून त्याचा निम्मा भाग, म्हणजे सुमारे १७ सेंटीमीटर, ही अंतरातील चूक होय. पाच मिलिसेकंदांचा उशीर झाला तर चूक सुमारे ८६ सेंटीमीटरची होते. आरंभीचा बदल उशिरा कळला तर अंतर कमी भरते, अखेरचा उशिरा कळला तर अधिक भरते. त्यामुळे ही चूक स्थिर स्वरूपाची नसते आणि एखादा ठरावीक आकडा वजा करून ती दूर करता येत नाही.

कर्नलमध्ये यासाठी इंटरप्टची व्यवस्था आहे. जोडणीची पातळी बदलताच यंत्रसामग्री प्रक्रियकाचे लक्ष वेधते आणि चालू काम क्षणभर थांबवून आपण नेमून दिलेले फलन चालवले जाते. त्या फलनात सर्वांत प्रथम घड्याळाची नोंद घेतली की वेळ अचूकपणे हाती येते. इंटरप्टलाही थोडा उशीर होतोच. परंतु दोन्ही कडांना सारखाच उशीर झाला तर वजाबाकीत तो नाहीसा होतो आणि दोन उशिरांमधील फरक तेवढा चूक म्हणून शिल्लक राहतो. हा फरक १० मायक्रोसेकंद असेल तर अंतरातील चूक दोन मिलिमीटरहूनही कमी राहते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. अचूकता येते ती ‘सर्व काही कर्नलमध्ये’ केल्यामुळे नव्हे, तर वेळेची नोंद कर्नलमध्ये झाल्यामुळे. लिनक्समध्ये २०१६ पासून जोडण्यांसाठी जी कॅरेक्टर डिव्हाइसची नवी पद्धत आली, तिच्याद्वारे पातळीतील बदलाची कर्नलने नोंदलेली वेळ सामान्य प्रोग्रामलाही मिळू शकते. साध्या प्रयोगासाठी तेवढे पुरेसे असते. एकाच संवेदकाकडून अनेक प्रोग्रामांना मापन हवे असेल, त्यांच्यात शिस्त राखावयाची असेल आणि सर्वांना एकाच प्रमाणित स्वरूपात उत्तर द्यावयाचे असेल, तेव्हा मॉड्यूलचे खरे प्रयोजन निर्माण होते.

४. मॉड्यूलची अंगे

४.१ यंत्रसामग्रीची ओळख : ट्रिगर आणि एको कोणत्या जोडण्यांवर आहेत, ही माहिती मॉड्यूलच्या मजकुरात थेट लिहून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. ही माहिती डिव्हाइस ट्री या स्वतंत्र वर्णनात ठेवावी आणि मॉड्यूलने ती कर्नलकडून मागून घ्यावी. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मध्ये बाह्य जोडण्यांचे नियंत्रण मुख्य चिपकडून काढून आरपी१ या स्वतंत्र चिपकडे देण्यात आले. पूर्वीच्या चिपमधील रजिस्टरांचे पत्ते गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम तेथे निरुपयोगी ठरले. कर्नलच्या प्रमाणित फलनांद्वारे जोडणी मागणाऱ्या मॉड्यूलला मात्र अशा बदलाची झळ लागत नाही.

४.२ मापनाचा आरंभ : ट्रिगर देण्यापूर्वी एको निम्न पातळीवर आहे याची खात्री करावी. आधीच्या मापनाचा प्रतिध्वनी अद्याप संपलेला नसेल तर नवे मापन सुरू करण्यात अर्थ नाही. ट्रिगरच्या स्पंदासाठी १० मायक्रोसेकंद इतका अल्प विलंब प्रक्रियकाला व्यग्र ठेवूनच काढावा, कारण इतक्या थोड्या काळासाठी प्रक्रियेला निद्रिस्त करणे महाग पडते. मध्येच इंटरप्ट येऊन हा स्पंद लांबला तरी बिघडत नाही, कारण १० मायक्रोसेकंद ही किमान मर्यादा आहे. कोणत्या ठिकाणी वेळ काटेकोर असावी लागते आणि कोणत्या ठिकाणी नाही, हे ओळखणे हा रचनेचाच भाग आहे.

४.३ इंटरप्ट फलन : हे फलन शक्य तितके लहान असावे. त्यात वेळ नोंदवावी, एकोची पातळी पाहून ही आरंभीची कड की अखेरची हे ठरवावे आणि अखेरची असल्यास प्रतीक्षा करणाऱ्या प्रक्रियेला जागे करावे. या फलनात निद्रा घेता येत नाही. त्यामुळे ज्यात थांबावे लागू शकते असे कुलूप तेथे वापरता येत नाही. भागाकार, संदेश छापणे, सरासरी काढणे ही कामेही येथे करू नयेत. आणखी एक शक्यता विसरता कामा नये. वस्तू २ सेंटीमीटरवर असेल तर एकोचा स्पंद जेमतेम ११६ मायक्रोसेकंदांचा असतो. प्रणालीवर ताण असेल तर फलन चालू होईपर्यंत एको खालीही आलेला असू शकतो. अशा वेळी आरंभाची नोंद नसताना अखेरची नोंद झाल्याचे दिसते. असे मापन रद्द समजावे, आरंभाची वेळ अंदाजाने भरू नये.

४.४ प्रतीक्षा आणि कालमर्यादा : प्रतिध्वनी येईपर्यंत मापन मागणाऱ्या प्रक्रियेला निद्रिस्त ठेवावे, म्हणजे प्रक्रियक इतर कामांसाठी मोकळा राहतो. परंतु ही प्रतीक्षा अमर्याद असू नये. संवेदकाची तार सैल झाली तर प्रतिध्वनी कधीच येणार नाही आणि प्रक्रिया कायमची अडकून पडेल. चार मीटर अंतरासाठी ध्वनीला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. समोर वस्तू नसल्यास या संवेदकाचा एको अनेक नमुन्यांत सुमारे ३८ मिलिसेकंद उच्च राहतो. म्हणून २५ मिलिसेकंदांहून मोठा कालावधी अवैध मानावा आणि ६० मिलिसेकंदांच्या आसपास प्रतीक्षा थांबवावी. कालमर्यादा उलटल्यानंतर उशिरा आलेला इंटरप्ट पुढील मापनाचा म्हणून मोजला जाऊ नये, यासाठी ‘मापन चालू आहे’ अशी खूण ठेवून ती वेळीच पुसावी लागते.

४.५ एका वेळी एकच मापन : दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी मापन मागितले तर एकाचा ट्रिगर दुसऱ्याच्या प्रतिध्वनीत मिसळेल. म्हणून संपूर्ण मापनाभोवती कुलूप असावे आणि दोन मापनांमध्ये किमान ६० मिलिसेकंदांचे अंतर राखावे. शेजारी शेजारी अनेक संवेदक असतील तर एकाने सोडलेला ध्वनी दुसरा ऐकू शकतो. तेव्हा हे कुलूप प्रत्येक संवेदकासाठी वेगळे नसून सर्वांसाठी सामाईक असावे लागते.

४.६ विसर्जन : मॉड्यूल उतरवण्याचा क्रम हा चढवण्याच्या क्रमाच्या उलट असतो. प्रथम नवी मागणी बंद करावी, नंतर इंटरप्ट सोडावा आणि त्यानंतरच स्मृती परत करावी. स्मृती आधी परत केली आणि इंटरप्ट नंतर सोडला, तर मधल्या क्षणी आलेला एखादा इंटरप्ट अस्तित्वात नसलेल्या जागेवर वेळ लिहू पाहील. हा दोष शंभरात एखाद्याच वेळी प्रकट होतो, म्हणून तो शोधणे कठीण असते. साधने उपकरणाशी बांधून आपोआप उलट क्रमाने सोडण्याची सोय कर्नलमध्ये आहे, तिचा लाभ घेणे हितावह ठरते.

५. अंकगणितातील सापळा

कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित सर्वसाधारणपणे करता येत नाही. त्यासाठी लागणारी प्रक्रियकातील रजिस्टरे कर्नल आपल्या प्रत्येक प्रवेशाच्या वेळी जपून ठेवत नाही आणि ती वापरल्यास अन्य प्रोग्रामच्या गणितात गोंधळ होऊ शकतो. म्हणून अंतर पूर्णांकांतच काढावे लागते. वेळ नॅनोसेकंदांत आणि अंतर मिलिमीटरमध्ये घेतल्यास सूत्र सोपे होते : वेळेला ३४३ ने गुणावे आणि २० लाखांनी भागावे.

सापळा येथेच आहे. तीन मीटर अंतरासाठी वेळ सुमारे १ कोटी ७५ लाख नॅनोसेकंद भरते. तिला ३४३ ने गुणले की सुमारे ६०० कोटी ही संख्या येते. परंतु ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ याहून मोठी संख्या मावत नाही. गुणाकार त्यापलीकडे गेला की वरचा भाग गळून पडतो आणि सुमारे १७० कोटी ५० लाख एवढेच शिल्लक राहतात. त्याला २० लाखांनी भागले असता उत्तर येते सुमारे ८५२ मिलिमीटर, म्हणजे ८५ सेंटीमीटर. प्रस्तावनेतील पंप जळण्याचे कारण ते हेच.

या दोषाचे स्वरूप विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. सुमारे २ मीटर १४ सेंटीमीटरपर्यंत सर्व उत्तरे बिनचूक येतात. प्रयोगशाळेतील मेजावर पुस्तक पुढेमागे सरकवून केलेल्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही. तो दिसतो प्रत्यक्ष टाकीत, तेही टाकी रिकामी होत आल्यावर. शिवाय येणारे उत्तर असंभाव्य वाटत नाही, कारण ८५ सेंटीमीटर हे टाकीतील पूर्णपणे शक्य असलेले अंतर आहे. उपाय सोपा आहे. गुणाकारापूर्वीच वेळेची संख्या ६४ बिटांत घ्यावी. मात्र ३२ बिटांच्या प्रक्रियकांसाठी ६४ बिटांचा भागाकार कर्नलने दिलेल्या खास फलनांनीच करावा लागतो, हेही सांगितले पाहिजे.

६. उत्तर न मिळणे हेही एक उत्तर

मापन फसल्यास मॉड्यूलने काय परत द्यावे? विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत शून्य किंवा शेवटचे यशस्वी मापन परत देण्याची पद्धत आढळते. दोन्ही पद्धती सदोष आहेत. शून्य म्हणजे ‘वस्तू संवेदकाला चिकटली आहे’ असाही अर्थ होतो, आणि टाकीच्या बाबतीत ‘टाकी तुडुंब भरली आहे’ असा. जुने मापन परत दिले तर तार तुटल्यानंतरही प्रणाली कित्येक तास तोच आकडा शांतपणे दाखवत राहते.

लिनक्समध्ये अशा प्रसंगांसाठी ऋण त्रुटिसंकेतांची परंपरा आहे. कालमर्यादा उलटली, उपकरण व्यग्र आहे, आदान-प्रदानात दोष आला, अशा प्रत्येक स्थितीला वेगळा संकेत आहे. मॉड्यूलने योग्य तो संकेत द्यावा आणि त्यावर काय करावयाचे हे वापरणाऱ्या प्रोग्रामने ठरवावे. त्रुटिसंकेत मिळाल्यास पंप बंद करावा, असा साधा नियम वरच्या स्तरावर करता येतो. मात्र त्रुटी झाकली गेली असेल तर कोणताच नियम उपयोगी पडत नाही.

७. तापमान : कर्नलमध्ये काय नसावे

ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१.३ मीटर असतो आणि प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. त्या वेळी हवेतील वेग सुमारे ३५८.६ मीटर होतो. अशा हवेत तीन मीटरवरील वस्तूचे अंतर ३४३ हा वेग धरून काढले तर ते सुमारे २ मीटर ८७ सेंटीमीटर येईल. वर इंटरप्टच्या साह्याने आपण मिलिमीटरची अचूकता मिळवली, परंतु येथे १३ सेंटीमीटर गमावले.

मग तापमानाची दुरुस्ती मॉड्यूलमध्ये करावी काय? माझ्या मते करू नये. तापमान कोणत्या संवेदकाकडून घ्यावयाचे, तो सावलीत आहे की उन्हात, किती मापनांचा मध्यक घ्यावयाचा, अचानक आलेले विसंगत मापन टाकून द्यावयाचे की नाही, हे सर्व निर्णय त्या त्या उपयोजनाचे आहेत. टाकीसाठी मिनिटाला एक मापन पुरते, चालत्या यंत्रमानवासाठी सेकंदाला दहा लागतात. युनिक्स परंपरेत यंत्रणा आणि धोरण यांची फारकत करण्यावर भर आहे. मॉड्यूलने यंत्रणा पुरवावी, धोरण वरच्या प्रोग्रामवर सोपवावे. मॉड्यूलने कोणता वेग गृहीत धरला आहे हे स्पष्टपणे नमूद केलेले असले की वरच्या प्रोग्रामला दुरुस्ती करणे एका गुणाकाराचे काम आहे.

८. प्रकाशावर चालणारे संवेदक : एक तुलना

ध्वनीऐवजी प्रकाशाच्या प्रवासावरून अंतर मोजणारे संवेदकही आता सहज उपलब्ध आहेत. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा व्हीएल५३एल०एक्स हा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर वापरतो आणि अनुकूल परिस्थितीत दोन मीटरपर्यंत अंतर मोजतो. एक मीटर अंतरासाठी प्रकाशाला जाण्यायेण्यास सात नॅनोसेकंदांहूनही कमी वेळ लागतो. इतका अल्प काळ इंटरप्टच्या साह्याने मोजणे शक्यच नाही. म्हणून कालमापनाची संपूर्ण यंत्रणा संवेदकाच्या चिपमध्येच असते आणि तयार अंतर आय-टू-सी या दोन तारांच्या वाहिनीवरून दिले जाते.

त्यामुळे मॉड्यूलच्या कामाचे स्वरूप पालटते. येथे इंटरप्टचा उपयोग कालमापनासाठी होत नाही, तो ‘मापन तयार आहे’ एवढे कळवण्यासाठी होतो. काही मायक्रोसेकंदांचा उशीर अगदी निरुपद्रवी ठरतो. काळजी घ्यावी लागते ती वाहिनीवरील संवादाची. या जातीचे सर्व संवेदक प्रारंभी एकाच पत्त्यावर उत्तर देतात. म्हणून एकाच वाहिनीवर अनेक संवेदक जोडल्यास इतरांना बंद ठेवून एकेकाला जागे करावे लागते आणि वेगळा पत्ता द्यावा लागतो. कर्नलमध्ये काय ठेवावयाचे याचे उत्तर संवेदकागणिक बदलते, परंतु ते शोधण्याची पद्धत बदलत नाही : वेळेबाबत काटेकोर असलेले काम कोणते आणि ते कोण करीत आहे, हे प्रथम पाहावे.

९. स्वतःचे मॉड्यूल की उपलब्ध मॉड्यूल?

प्रत्यक्ष वापरासाठी प्रथम कर्नलमध्ये आधीपासून काय आहे ते पाहावे. लिनक्सच्या मूळ स्रोतसंचात संवेदकांसाठी इंडस्ट्रियल आय-ओ ही स्वतंत्र उपप्रणाली आहे. त्याच ट्रिगर-एको पद्धतीच्या एसआरएफ०४ या संवेदकाचा ड्रायव्हर तीत २०१७ पासून आहे. दोन्ही कडांची वेळ इंटरप्टमध्ये नोंदवणे, कुलूप, कालमर्यादा, अवैध कालावधी नाकारणे या वर वर्णिलेल्या बाबी त्याच्या अल्प मजकुरात पाहावयास मिळतात. अध्यापनासाठी तो एक उत्तम पाठ आहे. या उपप्रणालीत अंतर कच्चा आकडा आणि गुणक अशा दोन स्वरूपांत मिळते, त्यामुळे संवेदक बदलला तरी वरचा प्रोग्राम बदलावा लागत नाही.

स्रोतसंचाबाहेर ठेवलेल्या मॉड्यूलला एक कायमचा भार वाहावा लागतो. कर्नलच्या आतील फलनांची स्वरूपे स्थिर राहतील अशी कोणतीही हमी दिली जात नाही. २०२३ मधील ६.४ या आवृत्तीत उपकरणांचा वर्ग निर्माण करणाऱ्या एका अत्यंत प्रचलित फलनाचा एक घटक वगळण्यात आला आणि जुन्या पाठ्यसाहित्यावरून लिहिलेली असंख्य मॉड्यूले त्यापुढील आवृत्त्यांवर बांधली जाईनाशी झाली. महाविद्यालयीन प्रकल्प दोन वर्षांनी पुन्हा चालत नाही, यामागे अनेकदा असेच कारण असते. नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीपासून काटेकोर वेळेची हमी देणारी प्रीएम्प्ट-आरटी ही व्यवस्था मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट झाली आहे. तीत बहुतेक इंटरप्ट फलने स्वतंत्र धाग्यांत चालतात. त्यामुळे वेळेची नोंद नेमक्या कोणत्या टप्प्यावर होते, हे पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तरीही अध्यापनाच्या दृष्टीने स्वतः मॉड्यूल लिहिण्याला पर्याय नाही. मात्र त्याचे मूल्यमापन करताना केवळ ‘अंतर दिसते काय?’ एवढे पाहून थांबू नये. पुढील पाच चाचण्या कोणत्याही प्रयोगशाळेत अल्प खर्चात घेता येतात. पहिली, पट्टीने मोजलेल्या अंतरांवर, विशेषतः दोन मीटरपलीकडे, मापन पडताळावे. दुसरी, प्रक्रियकावर मुद्दाम मोठा भार टाकून तेच मापन पुन्हा घ्यावे. तिसरी, मापन चालू असताना एकोची तार काढावी आणि प्रणाली काय सांगते ते पाहावे. चौथी, दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी मापन मागावे. पाचवी, मापन चालू असताना मॉड्यूल शंभर वेळा उतरवावे व चढवावे. या चाचण्यांसाठी महत्त्वाची माहिती नसलेला स्वतंत्र लघुसंगणक व वेगळे मेमरी कार्ड वापरावे, कारण प्रणाली मध्येच बंद पडल्यास कार्डावरील माहिती बिघडू शकते.

१०. निष्कर्ष

अंतरमापक संवेदकासाठी कर्नल मॉड्यूल लिहिणे हे वरकरणी काही शे ओळींचे काम आहे. परंतु त्यात भौतिकशास्त्रातील ध्वनीचा वेग, इलेक्ट्रॉनिक्समधील विद्युतपातळ्या, संगणकशास्त्रातील समवर्ती प्रक्रिया आणि गणितातील संख्यामर्यादा या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो. यांपैकी कोणत्याही एकाकडे दुर्लक्ष झाले तरी पडद्यावर आकडा उमटतच राहतो, आणि धोका आहे तो यातच. वेळेची नोंद, मापनातील शिस्त आणि त्रुटीची प्रामाणिक सूचना या तीन गोष्टी मॉड्यूलमध्ये असाव्यात. तापमान, मध्यक आणि अंतिम निर्णय या गोष्टी त्याच्या बाहेर असाव्यात. टाकीवरील पंप चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामला संवेदक दिसत नाही, टाकीही दिसत नाही. त्याच्या हाती येतो तो केवळ मॉड्यूलने दिलेला आकडा, आणि त्या आकड्यावर तो विसंबून राहतो. विद्यार्थ्यांना मॉड्यूलची रचना शिकवताना या विसंबण्याची जाणीव करून देणे, हे अध्यापकाचे महत्त्वाचे काम आहे.